खाऱ्या टाकीचा दगड: चांद्याच्या उन्हात, कोरपन्याच्या सिमेंटात

चंद्रपुरात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवायची म्हटलं की घरातले पहिलं विचारतात ते पाण्याचं. समुद्र कुठे, आपण कुठे! अरबी समुद्र इथून सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटरच्या पुढे. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ, साडेचारशेच्या आसपास. आणि वर्धा-वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून सिरोंच्याला गोदावरीत शिरून जातं तेही तिकडेच. पण टाकीच्या दृष्टीने पाणी ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. मिठाची पिशवी कुरिअरने येते, आरओचं पाणी घरी निघतं, दोन्ही प्रमाणात मिसळलं की काम झालं. माणसं अडतात ती दगडापाशी, आणि बहुतेकांना आपण दगडापाशी अडलो आहोत हे कळतही नाही. टाकीतला दगडांचा ढीग शोभेचा समजून सगळ्यांत शेवटी, हाताला लागेल तो आणला जातो. पुढे मासे मरत राहिले की दोष माशांना, दुकानदाराला किंवा मे महिन्याला.

खाऱ्या टाकीत दगड हाच मुख्य फिल्टर असतो. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास हे जीवाणू मातीतून वेगळे करून दाखवले, म्हणजे आपल्या धानाच्या बांधीतही हाच कारभार चालतो. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. दगड जितका सच्छिद्र, तितकी त्यांना जागा. छिद्रं खोल असतील तर आत ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथे तिसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. गोड्या पाण्यात सामू ७च्या आसपास असला तर बराचसा अमोनिया कमी विषारी रूपात असतो. खाऱ्या टाकीचा सामू ८.१ ते ८.३ लागतो, आणि तेवढ्या सामूला विषारी रूपाचा वाटा दहा पटींहून जास्त होतो. गोड्या टाकीत जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही, त्याचं कारण हे.

आता दगड आणायचा कुठून? जुन्या पुस्तकांत आणि परदेशी माहितीत ‘लाइव्ह रॉक’ सुचवलेला असतो, म्हणजे समुद्रातून ओला, जीवाणूंसकट काढलेला प्रवाळाचा दगड. भारतात त्या वाटेला जाऊच नका. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्यांना ही अनुसूची समजावून सांगायला नको: वाघ ज्या यादीत, प्रवाळही त्याच यादीत. शिक्षा तीन ते सात वर्षांची. मेलेला, वाळलेला, पांढरा पडलेला तुकडाही त्यात येतो. मालवणहून किंवा रामेश्वरहून कुणी ‘किनाऱ्यावर पडलाच होता’ म्हणून पिशवीभर घेऊन आला तरी नको म्हणा. अनोळखी विक्रेता स्वस्तात ‘ओरिजिनल कोरल रॉक’ देत असेल तर त्याच्याकडे बिल मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं.

राहतो तो ड्राय रॉक, कोरडा दगड. बाजारात हा तीन तऱ्हांचा येतो: जमिनीवरच्या खाणींतून काढलेला प्राचीन प्रवाळखडक, भट्टीत भाजून केलेला सिरॅमिकचा आणि सिमेंटमध्ये ओतलेला. पहिला आयात होतो, म्हणून महाग. सिरॅमिकचा हलका, स्वच्छ, फॉस्फेटची कटकट नसलेला, पण तोही स्वस्त नाही. मुंबईहून किंवा चेन्नईहून मागवताना दगडाइतकंच भाडं पडतं. म्हणून चंद्रपूरकराच्या मनात साहजिकच येतं की राजुरा-कोरपना पट्टा चुनखडीने भरलेला आहे, मग आपल्याच मातीतला दगड का चालू नये?

तो चुनखडक पैनगंगा गटाचा. शंख-शिंपले किंवा प्रवाळ असे कवचाचे प्राणी पृथ्वीवर येण्याच्या आधी समुद्रतळाशी साचलेला. रसायन तेच, कॅल्शियम कार्बोनेट. पण कण इतके बारीक आणि घट्ट बसलेले की आत पाणी शिरायलाच जागा नाही. घरी पडताळून पाहता येतं. मुठीएवढा तुकडा दिवसभर उन्हात तापवून तराजूवर ठेवा, मग रात्रभर पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजनात जेमतेम फरक पडला तर तो दगड बंद आहे. चांगला ड्राय रॉक याच चाचणीत पाणी पिऊन जड होतो आणि बुडवताना बराच वेळ बुडबुडे सोडतो. शिवाय ‘चुनखडी टाकली की सामू आपोआप राखला जातो’ हा समज खाऱ्या टाकीला लागू नाही. ८च्या वरच्या सामूला कॅल्शियम कार्बोनेट विरघळतच नाही, मग राखणार काय? इथला चुनखडक खाली पाया म्हणून, उंची वाढवायला, एखाद-दुसरा तुकडा चालेल. फिल्टरचं काम त्याच्याकडून होणार नाही.

बाकीच्या दगडांबाबत मी जास्त कडक आहे. कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगांतला दगड नकोच. त्यात लोह आणि गंधकाचं खनिज असतं, पाणी आणि हवा लागली की त्यातून सल्फ्युरिक आम्ल झिरपतं. सुरजागडकडचा तांबडा, जड दगड म्हणजे लोहखनिज, आणि लोह म्हणजे शेवाळाला खत. पोंभुर्ण्याकडे ठाणेवासना परिसरात तांब्याचं खनिज आहे. हिरवट-निळसर डाग असलेला दगड कितीही देखणा असला तरी बाहेर ठेवा. तांब्याचा अंश खाऱ्या पाण्यातले झिंगे, गोगलगायी, समुद्रफुलं यांना मारतो, आणि सच्छिद्र वस्तूंत मुरला की निघत नाही. व्हिनेगर टाकून फेस येतो का, ही चाचणी लोक सांगतात. फेस आला म्हणजे कार्बोनेट आहे एवढंच कळतं, तांबं-शिसं नाही हे कळत नाही.

आणि जंगलातला दगड हा जंगलाचाच. १९२७च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत दगड, माती आणि नाव घेऊन चुनखडीसुद्धा आहे. राखीव जंगलातून गोणीभर दगड दुचाकीवर टाकून आणणं हा गुन्हा आहे, मग तो विकायला आणा की मत्स्यटाकीला. सिरोंचा तालुक्यातलं वडधम आणि वरोऱ्याकडचं पिसदुरा इथे तर जीवाश्म आहेत, वडधमला झाडांचे आणि पिसदुऱ्याला डायनासोरचे. दगड झालेलं लाकूड टाकीत शोभून दिसेल, असं कुणी सुचवलं तर त्याला आधी वडधमचं जीवाश्म उद्यान दाखवून आणा.

मग आपल्या मातीचा उपयोग नाहीच का? आहे, पण भट्टीतून जाऊन. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही इथे जो चुनखडक सिमेंट होतो, त्याच सिमेंटमधून टाकीचा दगड घरी ओतता येतो. मला स्वतःला हा मार्ग चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी सगळ्यांत सोयीचा वाटतो. खर्च कमी, आकार आपल्या मनाचा आणि कायद्याची भानगड नाही. लागतो तो वेळ.

सिमेंट घेताना पोत्यावरची अक्षरं वाचा. घरबांधणीला हल्ली सर्रास पीपीसी मिळतं; त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, म्हणजे औष्णिक केंद्रातली राख, आणि राखेसोबत धातूंचे अंश येतात. टाकीसाठी ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, मागा किंवा पांढरं सिमेंट घ्या. भर म्हणून वाळू नको, नदीच्या वाळूत काय-काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं. कोंबडीखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी मिळते, ती उत्तम. फक्त तिच्यात औषध किंवा खनिज मिश्रण मिसळलेलं नको. तिसरी वस्तू खडे मीठ. छिद्रं पडतात ती याच्यामुळे.

एक भाग सिमेंट, दोन भाग चुरा, दोन भाग खडे मीठ. सिमेंट आणि चुरा घमेल्यात कोरडे कालवा, पाणी शिंपडत-शिंपडत ओलं करा आणि मीठ सगळ्यांत शेवटी घाला, नाहीतर ते तिथेच विरघळून जातं. मुठीत दाबल्यावर लाडू वळला जावा इतकंच ओलं. पाणी सुटायला लागलं तर छिद्रं बुजली समजा. हातात रबरी मोजे हवेतच, ओलं सिमेंट कातडी जाळतं. एका टोपल्यात ओलसर वाळू भरून तिच्यात वेडेवाकडे खड्डे करा आणि त्यात हे मिश्रण हलकेच ठेवा. दाबू नका. गवंडी स्लॅब ठोकून बसवतो, आपल्याला उलटं हवंय. मध्ये बोट घालून बोगदे, कपारी करून घ्या. पातळ फळ्या, कमानी वेगळ्या ओता. दोन दिवसांनी अलगद काढा, वाळू झटका आणि ओल्या गोणपाटात, वरून प्लास्टिक गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवा. स्लॅबला तराई करतो तीच ही तराई. चांद्याच्या उन्हात ओलं सिमेंट उघडं ठेवलं तर मजबूत होण्याआधीच वाळून भुसभुशीत होतं.

पुढचा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच चुकवला जातो. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, पाण्याचा सामू १२पर्यंत चढू शकतो. अशा पाण्यात मासा काही मिनिटंही टिकत नाही. दगड मोठ्या ड्रममध्ये साध्या पाण्यात बुडवून ठेवा, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. पहिल्या आठवड्यात मीठ निघून जातं, पाण्यावर पांढरी साय धरते. साय धरणं कमी होईल, पण तेवढ्यावर जाऊ नका. सहा-आठ आठवड्यांनी ड्रममध्ये ताजं आरओचं पाणी भरा, दोन दिवस तसंच ठेवा आणि सामू मोजा. साडेआठच्या आत राहिला तर दगड तयार. नाहीतर अजून पंधरा दिवस.

विकतच्या किंवा कुणाच्या मोडलेल्या टाकीतून आलेल्या जुन्या दगडाची तऱ्हा वेगळी. त्याच्यात चुना सुटायचा राहिलेला नसतो, पण वाळून मेलेले जीव आणि फॉस्फेट असतं. हातात घेऊन उन्हात नीट बघा. तपकिरी पापुद्रे, वाळलेली नळीसारखी घरं, स्पंजचे चिवट तुकडे दिसतात. नाक जवळ नेलं की मासळी बाजाराचा वास आला तर आतही बरंच काही आहे. आधी कोरडाच ताठ ब्रशने घासा, मग अंगणात पाइपच्या जोराच्या धारेने धुवा, कपारी चिमट्याने कोरा. यातून सुटेल ते सुटेल. उरलेल्यासाठी ब्लीच: दहा लिटर पाण्याला एक लिटर साधं, बिनवासाचं द्रवरूप ब्लीच, त्यात दोन दिवस. अधूनमधून दगड फिरवा. नंतर धुऊन पाणी बदलून हायपो घाला, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, मासेवाल्यांकडे क्लोरीन मारायला मिळतं तेच. मग ऊन. इथे मात्र चंद्रपूरच्या माणसाचा मुंबईकराने हेवा करावा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर आठ दिवस पसरलेला दगड आतपर्यंत करकरीत वाळतो आणि क्लोरीनचा मागमूस राहत नाही. वासावरून खात्री करा, जराही वास आला तर पुन्हा हायपो.

आम्लाचा सल्ला सगळीकडे दिला जातो. हायड्रोक्लोरिक आम्लात दगड बुडवला की वरचा थर विरघळतो आणि त्याच्यासोबत फॉस्फेटही जातं, हे खरं. पण ३० टक्क्यांचं एक लिटर आम्ल सुमारे अर्धा किलो दगड खाऊन टाकतं, हेही खरं. पैसे देऊन आणलेला दगड वाफ करून सोडायचा का, हे तुम्ही ठरवा. माझ्या मते फारच जुना, शेवाळलेला दगड असेल तरच. करायचंच तर उघड्या अंगणात, चष्मा-मोजे घालून, आधी दहा भाग पाणी आणि त्यात एक भाग आम्ल. आम्लात पाणी कधीही ओतायचं नाही. संडास धुण्याचं रंगीत, सुवासिक आम्ल चालत नाही. शेवटी खाण्याचा सोडा घालून फेस येणं थांबेपर्यंत शांत करा. ब्लीचच्या भांड्यात आम्ल पडलं तर क्लोरीन वायू निघतो आणि तो जीव घेऊ शकतो, म्हणून दोन्ही कामं एका दिवशी, एका अंगणात काढूच नका. मधे धुणं आणि वाळवणं झालंच पाहिजे. सिमेंटच्या दगडाला आम्ल लावायची गरज नाही.

फॉस्फेटचा हिशेब आम्लाशिवायही जमतो. स्वच्छ केलेला दगड आरओच्या पाण्यात आठवडाभर बुडवून पाणी तपासायचं. फॉस्फेट लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाणी बदलून पुन्हा. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून पहिल्या तपासणीत शून्य आलं तरी दुसऱ्या आठवड्यात एकदा बघा. हे न करता टाकी लावली की तिसऱ्या महिन्यात हिरव्या केसांसारखं शेवाळ दगडभर पसरतं आणि लोक दिव्यांना दोष देतात.

दगड कोरडे असतानाच रचून घ्या. ओल्या दगडाला काहीही नीट चिकटत नाही आणि खाऱ्या पाण्यात हात घालून बांधकाम करणं हा कुणाचा छंद नसतो. टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापून जमिनीवर ठेवा, त्यावर रचना करा. जोडायला जेल स्वरूपातला सुपरग्लू आणि इपॉक्सी पुट्टी, किंवा तेच ओपीसी. मागची काच मोकळी ठेवा, पाणी चारी बाजूंनी फिरलं पाहिजे. दगड थेट तळाच्या काचेवर बसवा आणि वाळू नंतर घाला; वाळू उकरणारे मासे दगडाखालची वाळू काढतात आणि ढीग काचेवर कोसळतो. किती दगड? लिटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम असा जुना हिशेब आहे. सच्छिद्र असेल तर दोनशे लिटरला बारा ते पंधरा किलोही पुरतो.

आता खरं काम: निर्जीव दगडात जीवाणू वसवणं. यासाठी खारं पाणीच लागतं, गोड्या पाण्यात वाढलेले जीवाणू खाऱ्यात टिकत नाहीत. पाणी आरओचं, आणि शक्य तर पुढे डीआयचा, म्हणजे उरलेले क्षार काढणारा, टप्पा जोडलेलं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, अनेक गावांत फ्लोराइडचं, ते थेट वापरता येत नाही. घरच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, बरेचदा ५०च्या आसपास असतो. दगड भिजवायला तेवढा चालेल, टाकीला शून्य हवा. मीठ मत्स्यटाकीसाठी बनवलेलंच, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला पावणेचार किलोच्या आत-बाहेर. विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६. स्वयंपाकाचं मीठ नको हे सगळ्यांना माहीत असतं, पण ‘समुद्राचंच तर आहे’ म्हणून खडे मीठ वापरावं का, असं हमखास विचारलं जातं. नाही. मिठागरात समुद्राचं पाणी आटताना आधी कॅल्शियमचे क्षार बसतात, मग मीठ, आणि मॅग्नेशियम शेवटच्या पाण्यात राहून टाकून दिलं जातं. उरतं ते नुसतं सोडियम क्लोराइड. प्रवाळ, शंख, तांबडं-जांभळं शेवाळ या सगळ्यांना लागणारं नेमकं बाहेर गेलेलं असतं.

ड्रम किंवा टाकी झाकून, अंधारात, पाणी हलवणारा पंप चालू ठेवून, २५ ते २८ अंश तापमानाला हे सहा-आठ आठवडे चालतं. झाकण महत्त्वाचं, ऊर्जानगर, दुर्गापूर, घुग्घुस भागात उघड्या भांड्यावर कोळशाची-राखेची किती धूळ साचते ते तिथल्या गृहिणींना विचारा. जीवाणूंना खायला अमोनिया द्यावा लागतो. कुणी झिंग्याचा तुकडा टाकून सडवतात. त्यात प्रमाण कळत नाही, फॉस्फेट वाढतं आणि घरात भांडणं होतात. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड मोजून द्या: शंभर लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या जवळ जातो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला कल्हईवाल्यांचा नवसागर. पण किराण्यातला मळकट नवसागर शुद्ध नसतो, प्रयोगशाळेच्या दर्जाचा नागपूरच्या रसायनांच्या दुकानातून घ्या. शिवाय गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे आणि हातभट्टीला काळ्या गुळासोबत नवसागरच लागतो. चंद्रपुरातली बंदी २०१५ला आली, २०२१ला उठली, तरी दुकानदाराची नजर अजून तीच आहे. मासे पाळतो म्हणून नवसागर हवाय, हे पटवून देणं अवघड जातं.

जीवाणूंची बाटली मिळते, तिने वेळ वाचतो. मात्र ती मे महिन्यात मागवू नका. ४५ अंशांत दोन दिवस कुरिअरच्या गाडीत राहिलेल्या बाटलीत जिवंत फारसं उरत नाही. नागपुरात कुणाची जुनी, निरोगी खारी टाकी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू ओली ठेवून आणलेली बरी.

दर तीन-चार दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं. ते चढलेलं पंधरा-वीस दिवस हलत नाही आणि माणूस वैतागतो. वैतागून पाणी बदलू नका, बाटली ओतू नका. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच द्या. एके दिवशी दिलेला दोन मिलिग्रॅमचा डोस २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य करून दाखवेल. तो दगड तयार. साठलेलं नायट्रेट घालवायला निम्म्याहून जास्त पाणी बदला. हे खारट पाणी मोरीत सोडा. तुळशीला, परसात किंवा बांधीत ओतलं तर माती नासते.

यासाठी वर्ष कसं आखायचं, हे इथल्या हवामानानेच ठरवून दिलंय. दगड ओतणं फेब्रुवारीत, धुणं-वाळवणं मार्च ते मे. उन्हाळ्यात जीवाणू वसवायला घेऊ नका. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५-४६च्या पुढे गेला की बंद खोलीतला ड्रम ३५वर पोहोचतो. २५ अंशांना खाऱ्या पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ला सहाच्याही खाली येतो, आणि या जीवाणूंना ऑक्सिजन लागतोच. कूलरच्या वाऱ्यात ठेवलं तर भागतं, पण बाष्पीभवनाने रोज पाणी उतरतं. त्याची भर साध्या आरओच्या पाण्यानेच घालायची, खाऱ्या नाही, कारण वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ तिथेच राहतं. पावसाळ्यात वीज जाते, आणि भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. तिकडच्यांनी मीठ, टेस्ट किट, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मेअखेर घरात आणून ठेवावेत. दसरा झाला की पाणी भरा. डिसेंबर-जानेवारीत हीटर लावावा लागतो, इथली रात्र दहा-बारा अंशांवर येते आणि थंडीत जीवाणू सुस्तावतात. संक्रांतीच्या सुमारास टाकी माशांसाठी तयार.

बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी, आणि गडचिरोलीत ते पुष्कळ, कोरड्या दगडाचा आणखी एक फायदा. टाकी मोडायची वेळ आली तर दगड धुऊन, ब्लीच करून, वाळवून पोत्यात भरला की ट्रकमध्ये सामानासोबत जातो आणि पुढच्या गावी पुन्हा उभा राहतो. जीवाणू मात्र नव्याने वसवावे लागतात, तेवढे सहा-आठ आठवडे धरून चाला.

माशांच्या आधी दोन-चार गोगलगायी सोडा, आणि मासा एकच, लहान. दिवे लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दगडावर तपकिरी धूळ बसल्यासारखा थर येतो. ती डायटम शेवाळं असतात. पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात. त्या थरासाठी दगड बाहेर काढून घासायला घेऊ नका आणि कुठलंही शेवाळनाशक औषध टाकू नका, बहुतेकांत तांबं असतं. सिलिकेट पाण्यातून पुन्हा येऊ नये म्हणून आरओचा मेम्ब्रेन आणि डीआयचा कार्ट्रिज तपासा, टीडीएस शून्याच्या वर दिसला तर बदला.